रीफ टँकमधले कोरल एकापाठोपाठ एक का मरतात, आणि उरलेले कसे वाचवायचे

कोरल ब्लीचिंग हे शब्द एव्हाना बातम्या वाचणाऱ्या सगळ्यांच्या कानावरून गेलेत. एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेची नोआ ही समुद्र आणि हवामानाची सरकारी संस्था आणि इंटरनॅशनल कोरल रीफ इनिशिएटिव्ह यांनी चौथं जागतिक ब्लीचिंग सुरू असल्याचं जाहीर केलं (आधीची तीन १९९८, २०१० आणि २०१४ ते १७ मधली), आणि पुढच्या वर्षी आकडा आला की २०२३ पासून जगातल्या ८४ टक्के रीफ (प्रवाळभित्ती) क्षेत्राला ब्लीचिंग होईल एवढी उष्णता सोसावी लागली. समुद्रातलं कारण तरी लगेच समजतं, पाणी तापलं आणि कोरल पांढरे पडले. पण रीफ टँकमध्ये, म्हणजे घरात कोरल वाढवायच्या खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये, हीटर आहे, पाणी थंड करणारा चिलर आहे, तापमान पंचवीसच्या आसपास बांधून ठेवलंय, आणि तरीही वर्षभर मस्त वाढलेली टँक एका आठवड्यात अर्धी रिकामी होते आणि ठेवणाऱ्याला कळतच नाही की झालं काय.

मला जे सांगायचंय ते असं, की टँकमधला पहिला कोरल कशानेही मरू शकतो, पण त्याच्यामागून जाणारे बरेचसे त्या पहिल्या मरणानंतर पाण्यात जे बदलतं त्याने आणि आपण घाबरून जे काही करतो त्याने मरतात. आणि हे थांबवता येतं.

आधी कोरल म्हणजे काय ते बघू

कोरल म्हणजे प्रवाळ, आणि तो प्राणी आहे, झाड नाही. अगदी छोट्या छोट्या प्राण्यांची वसाहत असते, त्या एकेका प्राण्याला पॉलिप म्हणतात. पॉलिपला मऊ शरीर, एक तोंड आणि तोंडाभोवती बारीक हातांसारखे तंतू असतात. त्याच्या शरीराच्या आत सूक्ष्म एकपेशीय शेवाळ राहतं, ते उजेडावर साखर बनवतं आणि पॉलिपला देतं. उथळ पाण्यातल्या बऱ्याच कोरलांची बहुतेक ऊर्जा यातूनच येते. बदल्यात शेवाळाला राहायला सुरक्षित जागा मिळते आणि पॉलिपने टाकलेला कार्बन डायऑक्साइड आणि नायट्रोजन मिळतो.

पाणी जास्त तापलं आणि उजेडही जोरात असला की हे शेवाळ बिघडतं, त्याच्या आत पेशींना मारक असे ऑक्सिजनचे रेणू तयार व्हायला लागतात आणि कोरल त्याला बाहेर टाकून देतो. रंग बराचसा शेवाळाचा असतो, तो गेला की पारदर्शक मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसतो. हे ब्लीचिंग. ब्लीच झालेला कोरल जिवंत असतो, फक्त उपाशी असतो. समुद्रात उन्हाळ्यातल्या सगळ्यात गरम महिन्याच्या सरासरीपेक्षा फक्त एक अंश जास्त तापमान काही आठवडे टिकलं तरी एवढं होतं, म्हणजे या प्राण्याची सहनशक्ती किती काठावरची आहे बघा.

सांगाडा बनतो कॅल्शियम कार्बोनेटचा. त्यासाठी कोरल पाण्यातून दोन गोष्टी उचलतो, कॅल्शियम आणि कार्बोनेट. कार्बोनेट-बायकार्बोनेटचा पाण्यातला जो साठा असतो त्याच्या मापाला अल्कलिनिटी म्हणतात, टँकवाले सगळे नुसतं ‘अल्क’ म्हणतात आणि डीकेएच या एककात मोजतात. समुद्रात अल्क साधारण ७ असते, टँकमध्ये लोक ७ ते ९ च्या मध्ये ठेवतात. एवढा एकच तांत्रिक शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्याभोवती फिरतं.

टँकमध्ये सगळं इतक्या झटपट का होतं

कारण पाणी कमी आहे, बस. समजा २०० लिटरची टँक आहे आणि रोज ३ लिटर पाणी वाफ होऊन उडतंय. पाणी उडतं पण मीठ मागेच राहतं. चार दिवस वरचं गोडं पाणी टाकायचं राहिलं तर क्षारता हजारात ३५ भागांवरून ३७ च्या वर गेली. समुद्रातल्या कोरलला एवढा बदल चार दिवसांत सहसा बघायला मिळत नाही. हीटर चालू अवस्थेत अडकला तर एका रात्रीत पाणी ३१-३२ अंशांवर जातं. वीज गेली, पंप थांबले, तर रात्री उजेड नसल्यामुळे शेवाळ ऑक्सिजन बनवत नाही आणि मासे, कोरल, बॅक्टेरिया सगळेच तो वापरत राहतात, मग काही तासांत गुदमरायची वेळ येते. म्हणून बॅटरीवर चालणारा एक साधा एअर पंप जवळ असणं हे कुठल्याही महागड्या कंट्रोलरच्या आधी यायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

मरतोय की ब्लीच झालाय

हे ओळखणं महत्त्वाचं आहे कारण दोघांचे उपाय वेगळे आहेत. पूर्ण कोरल फिका किंवा पांढरा दिसतोय पण जवळून बघितलं तर वर मांसाचा पातळ थर आहे, रात्री पॉलिप बाहेर येतात, तर तो ब्लीच झालाय. मांसच नाही, खरखरीत उघडा सांगाडा दिसतोय आणि थोड्याच दिवसांत त्यावर हिरवट-तपकिरी शेवाळ धरतंय, तर तेवढा भाग मेला.

मांस जाण्याचेही प्रकार आहेत. बुडापासून पांढरी रेघ हळूहळू दिवसांमागून दिवस वर सरकते त्याला लोक एसटीएन म्हणतात, म्हणजे मांस सावकाश झडणं. काही तासांत किंवा एका दिवसात अख्ख्या फांदीचं मांस चिंध्यांसारखं गळून पडतं ते आरटीएन, हे जास्त करून अ‍ॅक्रोपोरासारख्या फांद्यावाल्या कडक कोरलमध्ये दिसतं. हॅमर आणि टॉर्च या जाड मांसाच्या कोरलांवर कधी कधी तपकिरी जेलीसारखा लगदा चढतो, त्यात सूक्ष्म जीव खच्चून भरलेले असतात आणि तो वाहत शेजाऱ्यावर गेला तर शेजारीही जातो. असा कोरल दिसला की पंप थांबवून नळीने जेली ओढून घ्यायची आणि कोरल दुसऱ्या भांड्यात काढायचा, सकाळपर्यंत थांबायचं नाही.

आणि एक उलटं. लेदर कोरल अधूनमधून मिटतो, वर मेणासारखी चकाकी येते, चार-आठ दिवस मेल्यासारखा दिसतो आणि मग ती साल टाकून परत फुलतो. त्याला काहीही करू नका.

एकामागून एक का जातात, खरी गोष्ट इथे आहे

वाढणाऱ्या टँकमध्ये कोरल रोज अल्क आणि कॅल्शियम खात असतात, म्हणून ठेवणारा रोज तेवढंच परत टाकतो, बहुतेकदा डोसिंग पंप लावून, ठरलेल्या वेळी ठरलेले मिलिलिटर. समजा टँक रोज दीड डीकेएच खाते आणि पंप रोज दीड टाकतो, अल्क ८ वर शांत उभी आहे. आता काही कारणाने अर्धे कोरल मेले. खप राहिला पाऊण, पंप मात्र दीडच टाकतोय. रोज पाऊण शिल्लक, चार दिवसांत अल्क ११. घरातली अर्धी माणसं निघून गेली आणि स्वयंपाक रोज पूर्वीइतकाच होत राहिला तर उरलेलं जसं साचून सडायला लागतं तसं हे आहे, फरक इतकाच की हे साचलेलं पाण्यात दिसत नाही. जे कोरल पहिल्या फटक्यातून वाचले होते, आधीच घायाळ होते, त्यांना आता अल्कचा झटका बसतो. पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट कमी असेल तर अ‍ॅक्रोपोराची टोकं जळल्यासारखी होतात. मग तेही मरतात, खप अजून घटतो, अल्क अजून चढते, आणि ठेवणाऱ्याला वाटतं टँकमध्ये काहीतरी साथ आलीय.

याहून वाईट म्हणजे कोरलला मरावंही लागत नाही. त्रास झाला की तो सांगाडा बांधणं आधी कमी करतो, दिसायला मात्र ठीक असतो. म्हणजे डोस तोच असताना अल्क चढायला लागली तर कोरल काहीतरी सोसतायत, हा इशारा डोळ्यांना काही दिसायच्या आधी मिळतो. मला विचाराल तर रीफ टँकमध्ये याच्याइतका कामाचा इशारा दुसरा नाही आणि तो फक्त एका टेस्ट किटवर मिळतो.

कॅल्शियम मोजून हे कळत नाही का? नाही कळत, कारण २.८ डीकेएच अल्क खर्ची पडते तेव्हा कॅल्शियम उतरतं फक्त २० पीपीएम (दशलक्षात २० भाग). कॅल्शियमचा साठा ४२० च्या आसपास असतो, त्यात २० चा फरक टेस्ट किटच्या चुकीत बुडून जातो, पण ८ मधले २.८ म्हणजे एक तृतीयांश झाले. म्हणून मोजायची ती अल्क, आणि रोज एकाच वेळी.

दुसरी साखळी सडण्याची. मेलेलं मांस कुजतं, अमोनिया सुटतो, कुजवणारे बॅक्टेरिया ऑक्सिजन ओढतात. टँक मुरलेली असेल तर अमोनियाचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया दगडांमध्ये भरपूर असतात, थोडाफार भार ते पेलतात, पण एक मोठी वसाहत एका रात्रीत कुजली तर पेलत नाहीत.

“पण माझे सगळे आकडे बरोबर आहेत”

हे सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य आहे आणि सहसा ते खरंही असतं, आजच्या आकड्यापुरतं. प्रश्न असा आहे की गेल्या आठवड्यात आकडा कुठे होता. आज ९ आहे, पण चार दिवसांपूर्वी ६.५ होता आणि मग काहीतरी पावडर ओतून वर आणला, तर ९ हा आकडा चांगला असून उपयोग नाही. कोरल ७ वरही छान जगतो आणि ९ वरही, त्याला त्रास होतो मधल्या उडीचा. म्हणून वही ठेवा, तारीख, अल्क, क्षारता, तापमान, बदललेली गोष्ट, बास.

शिवाय जे मोजलं जात नाही तेही असतं. गंजलेलं मॅग्नेट, पंपाचा फुटलेला शाफ्ट, टँकच्या वर लटकणारा लोखंडी क्लिप, यातून धातू पाण्यात जातो आणि घरातली कुठलीच साधी टेस्ट तो दाखवत नाही. तांबं तर कणभरही कोरलला चालत नाही, माशांच्या आजारावरच्या बऱ्याच औषधांत तेच असतं. कारण सापडतच नसेल तर पाण्याचा नमुना आयसीपी चाचणीला पाठवावा, त्यात डझनावारी मूलद्रव्यं एकदम कळतात. आणि क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर ३५ च्या प्रमाणित द्रावणाने जुळवलेला आहे ना ते बघा, तोच चुकीचा असेल तर बाकी चर्चा कशावर करायची.

“पाणी काचेसारखं स्वच्छ आहे, नायट्रेट तर शून्य आहे”

शून्य ही तक्रार आहे, कौतुक नाही. कोरलला आणि त्याच्या आतल्या शेवाळाला थोडं नायट्रोजन आणि फॉस्फरस लागतंच. नायट्रेट २ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम अशा पट्ट्यात बहुतेक टँक सुखात असतात. दोन्ही शून्यावर दाबून ठेवले की कोरल फिके पडतात आणि बऱ्याचदा डायनोफ्लॅजेलेट्स नावाचा बुडबुडेवाला तपकिरी चिकट थर वाळूवर पसरतो, त्याच्या काही जाती विषारी असतात, गोगलगायी मरतात. मग लोक अजून साफसफाई करतात आणि प्रकरण वाढतं, अशा वेळी नायट्रेट-फॉस्फेट थोडं वर आणावं लागतं.

पहिल्या दिवशी काय करायचं

आधी मोजायचं, मग हात घालायचा. तापमान दुसऱ्या थर्मामीटरने, क्षारता, अल्क, अमोनिया, आणि सगळे पंप फिरतायत का. कुजलेलं मांस नळीने ओढून काढायचं, पूर्ण मेलेली वसाहत बाहेर. ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन (पाण्यातली घाण शोषणारा कोळसा) लावायचा. पाणी १५-२० टक्के बदलायचं, आणि नव्या पाण्याचं तापमान, क्षारता आणि अल्कही टँकशी जुळवून (हे तिसरं कोणी बघत नाही, काही मिठांची अल्क ११-१२ असते, म्हणजे बचावासाठी बदललेलं पाणीच झटका देतं). मीठ मिसळायच्या आधीचं पाणी आरओडीआयचं, म्हणजे गाळून क्षार काढलेलं, टीडीएस (विरघळलेल्या पदार्थांचं माप) शून्य. डोसिंग पंप बंद किंवा अर्ध्यावर, आणि पुढचे दहा दिवस रोज अल्क मोजून खप किती उरलाय तसा डोस नव्याने बसवायचा. अल्क दुरुस्त करायची ती दिवसाला अर्धा, फार तर एक डीकेएच, वर असो की खाली.

ब्लीच झालेल्यांसाठी लाइट एक तृतीयांश ते अर्ध्यापर्यंत कमी करायचा किंवा कोरल खाली सरकवायचा. शेवाळ नाही तर उजेड कशाला, आणि जे थोडं शेवाळ उरलंय ते जास्त उजेडात अजून भाजतं. उपाशी आहे म्हणून लाइट वाढवणारे लोक भेटतात तेव्हा फार वाईट वाटतं, कारण हेतू चांगला असतो.

आणि मग थांबायचं. हे सगळ्यात अवघड आहे. पीएच वाढवायच्या बाटल्या, आयोडीन, अँटिबायोटिक, सगळे कोरल जागेवरून उचलून डिप करणं (औषधाच्या द्रावणात बुडवणं), एकाच दिवशी हे सगळं केलं तर कशाने फरक पडला तेही कळत नाही आणि जे दगडाला घट्ट धरून होते तेही सुटतात. डिप करायचा तो कीड दिसली तर, किंवा जेली असलेल्याला.

कापायचं कधी

आरटीएन सुरू झालं तर वाट बघू नका. जिवंत भागातून, पांढऱ्या रेघेपासून बोटभर लांब, स्वच्छ कटरने टोकं कापा, सुपरग्लूच्या जेलने वेगवेगळ्या प्लगवर (कोरल बसवायच्या छोट्या बैठकांवर) चिकटवा आणि मध्यम उजेड व चांगला प्रवाह असलेल्या जागी ठेवा. सगळी जगत नाहीत पण पाचातलं एक जगलं तरी तो कोरल तुमच्याकडे राहिला. एसटीएन सावकाश असेल तर आधी कारण शोधा, रेघ थांबते का बघा, मगच कापा.

तुकडे लवकर वाढतात हे शास्त्रानेही पाहिलंय. फ्लोरिडातल्या मोट मरीन लॅबोरेटरीत डेव्हिड वॉन यांच्याकडून एक कोरल हलवताना चुकून तुटला आणि त्याचे बारीक तुकडे अपेक्षेपेक्षा कितीतरी पट वेगाने पसरताना दिसले, आज त्यातूनच आलेली मायक्रोफ्रॅगमेंटेशनची पद्धत रीफ पुन्हा उभे करायला वापरतात.

एक सावधगिरी मात्र मनापासून सांगतो. झोअँथिड आणि विशेषतः पॅलिथोआ हे बटणांसारखे दिसणारे मऊ प्रकार कापताना हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच, त्यांच्यात पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असू शकतं. आणि असे कोरल असलेला दगड कधीही उकळू नका, वाफेतून ते विष श्वासात जाऊन अख्खी घरं दवाखान्यात पोचलेली आहेत.

बरा होताना कोरल कसा दिसतो

तपकिरी दिसतो, आणि इथे लोक निराश होतात. पांढऱ्यावरून आधी तपकिरी येणार, कारण आतलं शेवाळ परत वाढतंय, निळे-हिरवे-गुलाबी रंग कोरलच्या स्वतःच्या प्रथिनांचे, ते नंतर येतात. तपकिरी झाला म्हणजे पोट भरायला लागलं. आठवड्यांचं ते महिन्यांचं काम आहे. झडणं थांबलं की मांसाची कडा आधी स्पष्ट, मग जाडसर होते, मग ती सांगाड्यावर पुढे सरकते, पण मधल्या काळात सांगाड्यावर दाट शेवाळ बसलं तर तिला अडथळा होतो, म्हणून मऊ ब्रशने तेवढी जागा साफ ठेवा. जाड मांसाच्या कोरलांना आठवड्यातून एक-दोनदा मायसिससारखं (कोळंबीसारखे चिमुकले जीव) बारीक खाणं द्या, पंप थांबवून, संध्याकाळी तंतू बाहेर असताना. हॅमरच्या मेलेल्या वाटणाऱ्या सांगाड्याच्या कडेने कधी कधी महिन्यांनी मोहरीएवढी नवी डोकी फुटतात, तेव्हा असे सांगाडे लगेच फेकू नका. लाइट मूळ ताकदीवर न्यायला चार ते सहा आठवडे घ्या.

“मग घरात ठेवावेच कशाला?”

प्रश्न रास्त आहे. समुद्रातून उचललेला कोरल आणून वर्षात मारणं हे मलाही पटत नाही, कडक कोरलांच्या सगळ्या जाती साइटीस या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत त्यामागे कारण आहे. पण टँकमध्येच वाढवलेल्या तुकड्यांवर अख्खी टँक उभी राहू शकते आणि तसंच करावं. शिवाय कोरल काचेच्या भिंतीत जगवायचं जे कसब आहे ते आज थेट समुद्राच्या कामी येतंय, २०२३ च्या उन्हाळ्यात फ्लोरिडा कीजचं पाणी इतकं तापलं की समुद्रातल्या नर्सरीमधले हजारो कोरल जमिनीवरच्या टँक्समध्ये हलवावे लागले, आणि लंडनच्या हॉर्निमन म्युझियमच्या टीमने टँकमध्ये चंद्र-सूर्याचं वेळापत्रक हुबेहूब उभं करून कोरलचं प्रजनन घडवलं, त्याची पद्धत त्यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केली.

नवीन कोरल कधी आणायचा

अल्कचा रोजचा खप सलग काही आठवडे तोच राहतोय किंवा हळूहळू वाढतोय, आणि उरलेल्यांमध्ये नवी वाढ दिसतेय, तेव्हा. त्याआधी आणलेला कोरल त्याच खड्ड्यात पडतो. सुरुवात एखाद्या सॉफ्ट कोरलने किंवा मॉन्टिपोरा या कडक कोरलच्या स्वस्तात मिळणाऱ्या छोट्या तुकड्याने करा, अ‍ॅक्रोपोरा सगळ्यात शेवटी. नवा तुकडा वेगळ्या छोट्या टँकमध्ये काही आठवडे ठेवा, कारण अ‍ॅक्रोपोरा खाणाऱ्या चपट्या किड्याची अंडी डिपने मरत नाहीत, ती सांगाड्यावरून खरवडून काढावी लागतात आणि नंतर फुटणाऱ्या पिल्लांसाठी डिप पुन्हा पुन्हा करावा लागतो. मूळ प्लग शक्यतो फेकून नव्यावर चिकटवा.

आणि टँक पुन्हा भरली की प्रत्येक जातीचा एक फ्रॅग, म्हणजे कापलेला छोटा तुकडा, टँक ठेवणाऱ्या दुसऱ्या कोणाला तरी देऊन ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी हीटर अडकला तर तीच वसाहत त्यांच्याकडून परत आणता येते.